गावानं मिळून पर्यटन उभं करायचंय? आधी कासव, मग पाहुणे

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं, बाणकोट किल्ल्याजवळचं वेळास हे गाव पूर्वी नाना फडणवीसांचं गाव म्हणून माहीत होतं. आता फेब्रुवारी सरत आला की पुण्या-मुंबईची माणसं तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला जातात आणि गावातल्याच घरांमध्ये राहतात. तिथे जाऊन आलेल्या अनेकांना वाटतं, आपल्या गावातही असं काहीतरी करावं. आपल्याकडे काजवे आहेत, देवराई आहे, पावसात सडा (कातळाचं पठार) फुलतो, तळ्यावर पक्षी उतरतात. वाटण्यात गैर काहीच नाही. गडबड होते ती सुरुवातीला: पहिला निधी स्वागत कमानीला, दुसरा सेल्फी पॉइंटला, आणि ज्या जिवाच्या नावानं हे सगळं चाललंय त्याच्यासाठी एक फलक, तोही शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

वेळासचा क्रम उलटा होता. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी 2002 मध्ये समुद्री गरुडांची पाहणी करत किनारा फिरत होती, तेव्हा वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. मादी येऊन अंडी घालून जात होती आणि माणसं, कुत्री, कोल्हे घरटी रिकामी करत होते. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. कासव महोत्सव त्यानंतर काही वर्षांनी, 2006 च्या सुमारास सुरू झाला. पहिला पाहुणा यायच्या आधी तिथे काही हंगाम नुसतं राखणं चाललं होतं.

हा लेख ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाच्या ताई, वन समितीचे लोक आणि गावात परतलेली तरुण मुलं यांच्यासाठी आहे. उदाहरण कासवाचं घेतलंय. काजवे किंवा पक्षी असतील तर तपशील बदलतील, क्रम हाच ठेवा.

1. काय राखायचं ते ठरवा आणि लगेच राखायला लागा

"आमच्याकडे निसर्ग आहे" हे पुरेसं नाही. एक जीव किंवा एक जागा निवडा. मग एक दोनशे पानी वही घ्या आणि त्यात एक पूर्ण हंगाम, शक्य तर दोन, नोंदी करा: तारीख, वेळ, जागा, किती दिसले, काय विघ्न आलं. कासवाच्या बाबतीत कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च हा अंडी घालण्याचा काळ. पहाटे उजाडण्याआधी किनारा चालायचा. मादी वाळूवरून वर आली की तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा रुंद माग उमटतो. तो भरतीनं किंवा माणसांच्या वर्दळीनं पुसण्याआधी सापडला पाहिजे. मागाच्या टोकाला वाळू दबलेली, विस्कटलेली दिसते, तिथे घरटं. एका घरट्यात शंभर ते दीडशेच्या आसपास अंडी असतात.

यातलं काहीही स्वतःच्या मनानं हलवायचं नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी बाळगणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. उबवणी केंद्र काढायचं तर ते वनखात्याच्या परवानगीनं आणि देखरेखीखालीच. म्हणून पहिला फोन वनरक्षकाला करा. किनारपट्टीवर असाल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षालाही कळवा. अनेक गावांत कासवमित्रांना, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांना, तिकडून मानधन मिळतं, ते तुमच्याकडे सुरू होईल का ते तेव्हाच विचारून घ्या.

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असतेच. जैवविविधता कायदा 2002 मध्ये तशी तरतूद आहे. तिची लोक जैवविविधता नोंदवही मागून बघा. बऱ्याच ठिकाणी ती कुणीतरी बाहेरून येऊन भरून दिलेली असते आणि गावात कुणी उघडलेली नसते. तुमच्या नोंदी तिच्यात घाला. पुढे कुणी गावाच्या माथ्यावर खाण काढायला किंवा किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधायला आला, तर ही वही फुलांच्या फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडते.

एक माणूस मात्र शोधून काढाच: आजवर अंडी काढून नेणारा. किनारा त्याच्याइतका कुणाला कळत नाही. त्याला चोर ठरवून बाहेर ठेवलंत तर तो चोरीच करत राहील. कासवमित्र म्हणून मानधनावर घेतलंत तर गस्तीला त्याच्यासारखा माणूस मिळणार नाही.

2. बैठक अशी घ्या की ज्याचं नुकसान होणार आहे तोही बोलेल

ग्रामसभेत ठराव करणं सोपं आहे. हात वर होतात, चहा होतो, सगळे घरी जातात. त्याआधी वाडीवार बैठका घ्या. कोकणात गावकीची बैठक वेगळी, महिला मंडळाची वेगळी आणि मुंबईकर मंडळाची तिसरीच. ही तिसरी विसरू नका. निम्मी घरं चाकरमान्यांची असतात, बंद असतात, आणि "आमच्या घराशेजारी रात्री परके लोक कशाला?" हा प्रश्न बरोबर ठराव झाल्यावर मुंबईहून येतो.

प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न विचारा: हे सुरू झालं तर कुणाचं काय अडेल? रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांना किनाऱ्याचा कुठला भाग लागतो? गुरं कुठून जातात? सुरूच्या बनातून सरपण कोण आणतं? उत्तरं लिहून घ्या. साताऱ्याच्या कास पठाराकडे बघा. पश्चिम घाटाला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, गर्दी वाढली, फुलं वाचवायला तारेचं कुंपण आलं. पण त्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरत आली होती आणि चराई थांबली की गवत माजतं, बुटक्या फुलझाडांना जागा उरत नाही, असं आजूबाजूच्या गावांचं म्हणणं होतं. पुढे ते कुंपण काढावं लागलं. गुराख्याला पहिल्या बैठकीत बोलावलं असतं तर तारेचा खर्च वाचला असता, असं आपलं माझं मत.

काम कुठल्या नावाखाली करायचं याचा निर्णय लवकर घ्या. जंगलाची जागा असेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समिती सोयीची, कारण प्रवेश शुल्क घेणं, माणसं नेमणं हे तिच्या चौकटीत बसतं; कासला आसपासच्या गावांच्या समितीनंच ते चालवलंय. सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल तर ग्रामसभेची समिती. खाडी किंवा किनारा असेल तर महिला बचत गट चांगला चालतो. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत कांदळवनाची सफर स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवून घडवतात. ज्यांना खाडी आधीपासून माहीत होती त्यांच्याच हातात काम राहिलं, बाहेरचा ठेकेदार आला नाही. नवी संस्था नोंदवायचा हव्यास धरू नका. नोंदणी, लेखापरीक्षण, बदल अर्ज यांतच दोन वर्षं जातात.

ठरावात चार गोष्टी शब्दशः असू द्या: काय राखायचं, एका वेळी जास्तीत जास्त किती पाहुणे, प्रत्येक पाहुण्यामागे गावनिधीत किती रुपये, आणि कुठल्या परिस्थितीत पर्यटन बंद ठेवायचं. चौथा मुद्दा सगळे टाळतात. भांडण नसताना लिहून ठेवा, नंतर तो लिहिता येत नाही.

3. आकडा जाहिरातीच्या आधी ठरवा

किती पाहुणे घ्यायचे हे खोल्यांवरून ठरत नाही, पाण्यावरून ठरतं. कोकणात एप्रिल लागला की विहिरी तळाला जातात. शहरातला माणूस आंघोळ, कपडे, शौचालय धरून दिवसाला शंभर लिटर सहज वापरतो. पन्नास पाहुणे म्हणजे रोज पाच हजार लिटर. शेजारच्या वाडीत तेव्हा टँकरची वाट बघत बसले असतील तर तुमचं पर्यटन एका हंगामात बदनाम होईल, आणि योग्यच होईल.

दुसरी मर्यादा त्या जिवाची. कासवाच्या पिल्लांभोवती एका वेळी शंभरावर माणसं उभी राहिली की मागच्यांना काहीच दिसत नाही, मग ते पुढे रेटतात. काजव्यांचं तर याहून नाजूक. भंडारदरा परिसरात मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत शनिवारी रात्री गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याचं लुकलुकणं हे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं. हेडलाइटच्या झोतात ते दिसत नाही, आणि झाडाखालच्या पाल्यात, ओल्या मातीत जे जीव असतात ते बुटांखाली जातात. तिथे पाहुण्यांचा आकडा गावाच्या हातातून कधीच निसटला. वनखात्यानं वेळेची बंधनं घातली तरी गर्दीच्या रात्री ती पाळून घेणं अवघडच. कास पठारावर दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली तीही गर्दीनं नाकी नऊ आणल्यावर.

म्हणून सुरुवातीचा आकडा हास्यास्पद वाटेल इतका लहान ठेवा. वाढवता येतो, कमी करायला गेलं की आधीच खोल्या बांधून बसलेला माणूस आडवा येतो.

4. घर: नवं बांधू नका, असलेलं नीट करा

पाहुणा पडवीत झोपायला तयार असतो. घाणेरड्या शौचालयात जायला तयार नसतो. सगळा पैसा आधी तिथे घाला: दार आतून नीट लागतं का, दिवा आहे का, बादली-मग स्वच्छ आहे का, हात धुवायला साबण आहे का, सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब हवा. चादरी पांढऱ्या नकोत, पण प्रत्येक पाहुण्यामागे धुतलेली नवी हवी. मच्छरदाणी, गार पाण्याचा माठ, भिंतीला कपडे टांगायला खुंट्या. एसी, टीव्ही यांच्या नादाला लागू नका. त्यासाठी येणारा माणूस पहाटे उठून किनाऱ्यावर यायचा नाही.

जेवण घरचंच. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी, सकाळी घावणे. पनीरच्या भाजीचा हट्ट बहुधा घरातल्या मुलांचा असतो, पाहुण्यांचा नव्हे. मिरची कमी ठेवा आणि ठेचा वेगळा द्या. प्लास्टिकच्या बाटल्या विकू नका, गाळलेलं-उकळलेलं पाणी भरून द्या.

किनाऱ्यावरच्या घरांना एक गोष्ट माहीत असायला हवी. 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत स्थानिकांना, मच्छीमारांनाही, राहत्या घरात पाहुणे ठेवायची मुभा आहे, पण घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. समुद्राकडे तोंड करून चार खोल्यांची रांग बांधणं यात बसत नाही. उधारीवर बांधकाम काढण्याआधी हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

कागदपत्रं थोडक्यात: पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी योजनेत नोंदणी, जेवण देणाऱ्यांनी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, पाहुण्यांची नोंदवही ओळखपत्राच्या प्रतीसह, आणि परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन माहिती सरकारला. शेती असेल तर कृषी पर्यटन धोरणाखालीही नोंदणी होते. नोंदणी शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर करा. काम तीच करणार आहे, आणि राज्याच्या "आई" धोरणात महिला पर्यटन उद्योजकांसाठी कर्जावरच्या व्याजाची सवलत आहे.

5. पाळी आणि पैसा

इथे गावं फुटतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या वर्षी ज्याचं घर रस्त्यालगत, ज्याचा फोन लागतो, ज्याचा मुलगा इंग्रजी बोलतो, त्याच्याकडे सगळे पाहुणे जातात. दुसऱ्या वर्षी तो दोन खोल्या वाढवतो. तिसऱ्या वर्षी गावात एक हॉटेल आणि सात नाराज घरं असतात. त्या सात घरांना कासवाशी काही देणंघेणं उरत नाही. किनाऱ्यावर रात्री कुणी दिवे लावले, कुणी वाळू भरून नेली, तर ते बघून न बघितल्यासारखं करतात. राखणदार कमी झाले की घरटी कमी होतात. त्यामुळे पाळीचा प्रश्न नुसता भाऊबंदकीचा समजू नका, कासवाचं बरंवाईट त्याच्यावर ठरतं.

लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या गावांनी हे फार पूर्वी ओळखलं. तिथे हिमबिबट्या मेंढ्या मारायचा आणि गावकरी त्याला मारायचे. 2002 च्या आसपास घरगुती निवासाची योजना आली. पाहुणे घराघरात पाळीनं जातात आणि उत्पन्नातला सुमारे दहावा हिस्सा गावाच्या निधीत पडतो. बिबट्या बघायला येणारा माणूस आज माझ्या घरी, उद्या शेजारी, असं असल्यामुळे बिबट्या जगण्यात प्रत्येक घराचा वाटा आहे. सोबत रात्रीच्या कोंडवाड्यांना जाळीचं छप्पर घातलं, त्यामुळे मेंढ्याही वाचल्या. नुकसान कमी करणं आणि फायदा वाटणं ही दोन्ही कामं एकदम झाली.

आपल्याकडे ते असं करता येईल. बुकिंगचा फोन एकच, समितीचा. घरांची यादी चिठ्ठ्या टाकून लावायची. पाहुणे येतील तसे यादीतल्या पुढच्या घरी. "आम्हाला मागच्या वेळच्या काकूंकडेच जायचंय" असं पाहुणा म्हणाला तर जाऊ द्या, पण त्या घराची पाळी तेवढी मागे जाईल. घरी आजारपण असेल, मुलाची दहावीची परीक्षा असेल तर पाळी सोडता येते, विकता येत नाही. शिमग्याचे दिवस बुकिंगसाठी बंदच ठेवा. पालखी घरोघर येते, चाकरमानी आलेले असतात, आपल्याच माणसांना निजायला जागा नसते.

आता आकडे. खालचं गणित नमुन्यापुरतं आहे, तुमचे आकडे घालून बघा. समजा आठ घरं, प्रत्येकी सहा पाहुणे, म्हणजे रात्रीचे 48. हंगामात आठ आठवडे, शुक्रवार-शनिवार धरून 16 रात्री. सगळं भरलं तर 768 मुक्काम होतात. भरत नाही, 60 टक्के धरा, म्हणजे 460. माणशी 900 रुपये, दोन जेवणं, चहा, न्याहारी धरून. एकूण जमा 4 लाख 14 हजार. माणशी 100 रुपये गावनिधीत: 46 हजार. किराणा, गॅस, धुणं, मदतीच्या बाईची मजुरी असा माणशी 450 खर्च धरला तर प्रत्येक घराला हंगामअखेर साधारण 20 हजार रुपये उरतात.

हा आकडा मुद्दाम मांडलाय. वीस हजारांत आंब्याची फवारणी सुटेल, मुलाची फी भरली जाईल, घर चालणार नाही. नोकरी सोडून गावी पर्यटन करायला येतो म्हणणाऱ्या मुलाला हे गणित दाखवा. आणि 46 हजार म्हणजे एका कासवमित्राला पाच महिने दरमहा नऊ हजारांच्या आसपास. गस्तीला दोन माणसं लागतात. दुसऱ्याचं मानधन वनखात्याकडून मिळवायला हवं, नाहीतर दर वाढवायला हवा. पर्यटनामुळे संवर्धनाचा सगळा खर्च निघतो असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे ताळेबंद मागा.

गावनिधी वेगळ्या बँक खात्यात, दोन सह्यांनी, त्यातली एक महिलेची. यातून आधी राखणदाराचं मानधन, जाळी, बॅटऱ्या. मग कचरा उचलणं. उरलं तर गावाचं काम. देवळाचा जीर्णोद्धार, क्रिकेटचे सामने यांना यातून एक रुपया नाही. त्यासाठी वर्गणी काढायला गाव समर्थ असतं.

ज्यांच्याकडे पाहुण्याला द्यायला खोली नाही त्यांचं काय? बहुतेक वेळा तीच घरं किनाऱ्याच्या किंवा जंगलाच्या सगळ्यात जवळ असतात. वाटाड्याचं काम, रिक्षा, बैलगाडी, दूध, नारळ, कोकमाचं आगळ, पापड, चादरी धुणं ही कामं ठरवून त्यांच्यासाठी राखा. वाटाड्याचे पैसे मुक्कामाच्या दरात मिसळू नका, वेगळे लावा. फुकट मिळालेल्या वाटाड्याचं कुणी ऐकत नाही.

6. पाहुण्याला जिवाजवळ नेताना

वेळाससारख्या उबवणी केंद्रात घरट्यांना तारीख आणि क्रमांकाची पाटी असते. किनाऱ्यावरून उचललेली अंडी तितक्याच खोल खड्ड्यात, सुमारे दीड फूट, तोंडाशी अरुंद आणि तळाशी मडक्यासारख्या फुगीर आकारात ठेवतात, कारण मादी खड्डा तसाच खणते. उचलताना अंडं उलटंपालटं करायचं नाही. 45 ते 60 दिवसांत पिल्लं निघतात. वाळू गरम राहिली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. जाळीवर सावली किती करायची हा म्हणूनच गंभीर प्रश्न आहे, पाहुण्यांना ऊन लागतं म्हणून छप्पर घालायचं नाही.

पाहुण्यांना सकाळी आणि संध्याकाळी किनाऱ्यावर बोलावतात. घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलून बघतात. कधी तीस-चाळीस पिल्लं वर आलेली असतात, कधी एकही नाही. खरी परीक्षा इथे लागते. समजा शनिवारी सकाळी सत्तर माणसं जमली, पिल्लं नाहीत आणि शुक्रवारी रात्री मात्र निघाली होती. "काल थोडी ठेवून घेतली असती तर?" असं कुणीतरी म्हणतंच. तो विचार तिथेच मोडून काढायचा. नुकत्या निघालेल्या पिल्लाकडे पहिल्या तासांत पोहत खोल समुद्र गाठायची ताकद असते. टबात, टोपलीत वळवळत ती संपते, आणि मग पाण्यात गेलेलं पिल्लू पहिल्याच माशाच्या तोंडी जातं. रात्री नऊला निघाली तर रात्री नऊला सोडायची, पाहुणे जेवत असले तरी.

सोडतानाची रीत अशी. पाण्यापासून काही अंतरावर, कोरड्या-ओल्या वाळूच्या सीमेच्या वर, पिल्लं ठेवायची. पाण्यात न्यायची नाहीत. पुढचं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. दोन्ही बाजूंना दोरी, लोक दोरीबाहेर, शक्यतो बसलेले. मधल्या पट्टीत आधी पावलांचे खड्डे बुजवून वाळू सपाट करायची. आपल्या टाचेचा खड्डा पिल्लाला विहिरीएवढा असतो. समोर पाण्यात कुणीही उभं राहायचं नाही, कारण लाट पिल्लांना परत आणते आणि ती पायाखाली येतात. हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, मोबाइलची बॅटरी नाही. पिल्लू उजेडाच्या दिशेनं जातं, मागच्या हॉटेलाचा दिवा लागला असेल तर ते मागे वळतं. म्हणून हंगामात किनाऱ्याकडे तोंड असलेले दिवे संध्याकाळी बंद करायचे. हे घरमालकांना पाळायला लावणं पाहुण्यांपेक्षा अवघड जातं.

हे सांगायला ओरडणारा माणूस नको, गोष्ट सांगणारा हवा. ओडिशात 2021 मध्ये पायाला क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली, हे सांगितलं की सत्तर माणसं आपोआप गप्प होतात. त्याआधी, 2022 मध्ये, वेळासलाच पहिल्यांदा एका मादीला उपग्रह ट्रान्समीटर लावला गेला आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा. अशा चार गोष्टी प्रत्येक वाटाड्याला पाठ असाव्यात.

पक्ष्यांचं गाव असेल, भिगवणजवळच्या उजनी धरणाच्या जलाशयासारखं, तर नावाड्यासाठी एकच नियम सगळ्यात वर: थवा उडवायचा नाही. फोटोसाठी रोहित (फ्लेमिंगो) पक्षी उडवून दाखवणाऱ्याला जास्त बक्षिसी मिळते, म्हणून बक्षिसी एकत्र जमा करून सगळ्या नावाड्यांत वाटा. काजव्यांसाठी गाडी गावाबाहेर, पुढे पायी, बॅटरीला लाल कागद, पायवाट सोडायची नाही.

7. बुकिंगच्या वेळी पाठवायचा निरोप

तक्रारी निम्म्यानं कमी करणारी ही एकच गोष्ट. पैसे घेण्याआधी व्हॉट्सॲपवर असा मजकूर जाऊ द्या:

"नमस्कार. पिल्लं दिसतीलच याची खात्री आम्ही देत नाही आणि न दिसल्यास पैसे परत होत नाहीत. आपण गावातल्या घरात राहाल. शौचालय स्वच्छ आहे, खोलीला जोडून असेलच असं नाही. जेवण घरचं, वेळेवर. दारू आणि मोठ्या आवाजातलं संगीत चालणार नाही. किनाऱ्यावर गाडी नेता येत नाही. आपला कचरा आपण परत न्यायचा आहे. आपल्या रकमेतले 100 रुपये कासवांच्या राखणीला जातात, पावती मिळेल. मान्य असल्यास 'हो' लिहा."

"हो" न लिहिणारे चार जण गळतील. गळू द्या.

8. हंगाम संपल्यावर

शेवटचं घरटं रिकामं झालं की उघडून बघतात: किती टरफलं, किती अंडी फुकट गेली, किती पिल्लं आतच राहिली. तसंच पर्यटनाचं करा. त्याच वहीत पाहुण्यांचे आकडे, विहिरीची पातळी, भांडणं, किनाऱ्यावर उचललेल्या कचऱ्याच्या गोणी, आणि घरट्यांची संख्या शेजारी शेजारी लिहा. घरट्यांची संख्या एखाद्या वर्षी आपोआपही कमीजास्त होते, एका वर्षावरून घाबरू नका. पण पाहुणे वाढतायत आणि माग अंडी न घालता परत फिरतायत, म्हणजे मादी वर येऊन बुजून वळतेय, असं नोंदींत दिसलं तर पुढच्या हंगामाचा आकडा खाली आणा. ठरावातला चौथा मुद्दा याच दिवसासाठी लिहिलेला असतो.

हिशेबाची बैठक गणपतीत ठेवा. तेव्हा चाकरमान्यांसकट सगळं गाव घरी असतं आणि गौरी जेवल्या की एक दुपार मोकळी मिळते. जमाखर्च मोठ्यानं वाचा, पावत्या टेबलावर ठेवा, प्रत्येक घराला किती पाहुणे गेले ते नावानिशी सांगा. कुणी आडून नियम मोडला असेल तर दंड त्याच बैठकीत. पुढच्या वर्षीच्या पाळीच्या चिठ्ठ्या एखाद्या शाळकरी पोराकडून उचलून घ्या. मग दसऱ्यानंतर जाळी दुरुस्त करायची, पाट्या रंगवायच्या, आणि नोव्हेंबरपासून पहाटेची गस्त, पाहुणे येवोत न येवोत.